चौथी स्टेज, दहावीचा वर्ग आणि मार्च महिना

कंपासपेटी

नमस्कार. इथे मी बरीच वर्षं वाचनमात्र आहे, फार तर पाककृतींच्या धाग्यांवर दोन ओळी लिहिते. आज सल्ला हवा आहे आणि तो घरी मागता येत नाही, कारण घरातल्या प्रत्येकाचं मत आधीच ठरलेलं आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत मी गणित शिकवते. वय बावन्न. जूनमध्ये ओव्हरीचा कॅन्सर निघाला. निघाला तेव्हाच फुप्फुसाभोवतीच्या पाण्यात पेशी सापडल्या, म्हणजे थेट चौथी स्टेज. डॉक्टर सरळ बोलणारे आहेत. म्हणाले, "मॅडम, हा आटोक्यात ठेवायचा प्रयत्न करू. पूर्ण घालवू असं मी म्हणणार नाही." किती वेळ आहे ते मी विचारलं. त्यांनी सांगितलेला आकडा इथे लिहीत नाही. सरासरीवरून वर्गातल्या एका मुलाचे मार्क सांगता येत नाहीत, हे मीच इतकी वर्षं शिकवत आले आहे.

दर तीन आठवड्यांनी किमो चालू आहे, पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन. पाणी काढल्यापासून श्वासाचा त्रास नाही. सलाइननंतरचे चार-पाच दिवस वाईट जातात, मग हळूहळू माणसात येते.

मला मार्चपर्यंत दहावीला शिकवायचं आहे. मिस्टर म्हणतात, जन्मभर शिकवलंस, आता पुरे. मुलगी पुण्याहून रोज फोन करते, आई, आपण दोघी कुठेतरी जाऊन येऊ. आणि मुख्याध्यापकांनी "तुमच्या भल्यासाठी" दहावीचा वर्ग काढून मला ग्रंथालय दिलं. तिथे दिवसभरात दोन मुलं येतात, त्यातलं एक पंख्याखाली बसायला.

कोणी असं काम केलं आहे का, किंवा जवळच्या कोणाचं पाहिलं आहे का? कसं निभावलं? निभावलं नसेल तर तेही सांगा. रस, काढे आणि मंत्र कृपया नकोत, त्यांची वही भरली आहे.

---

खडीसाखर

ताई, वाचून काय लिहावं कळेना. खूप खूप शुभेच्छा. तुम्ही लढवय्या आहात, नक्की जिंकाल!

---

आरोग्यधन

रस नको म्हणालात तरी राहवत नाही म्हणून सांगतो. माझ्या मेव्हण्याच्या साहेबांना गव्हांकुरांनी

*[संपादित: धागाकर्तीची विनंती वाचावी. – व्यवस्थापन]*

---

मांडवीकर

आम्हा गोंयकारांना या विषयावर पर्रीकरांशिवाय दुसरं कोण आठवणार! फेब्रुवारी २०१८ मध्ये ते मुंबईत इस्पितळात होते. तिथून डिस्चार्ज घेऊन त्याच दिवशी, २२ तारखेला, विधानसभेत येऊन त्यांनी अर्थसंकल्प मांडला. पुढच्या वर्षी ३० जानेवारीला नाकात नळी घालून पुन्हा मांडला. बसून, खोल गेलेल्या आवाजात. १७ मार्च २०१९ ला गेले. स्वादुपिंडाचा कॅन्सर. माणूस शेवटपर्यंत कामात होता. ताई, तुम्हीही सोडू नका.

---

उंबरठा

मांडवीकर, मी पर्रीकरांचा विरोधक नाही, पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. आजाराचं नाव सरकारने उघडपणे मान्य केलं ते ऑक्टोबर २०१८ मध्ये. मधले कित्येक महिने मुख्यमंत्री कधी अमेरिकेत, कधी दिल्लीत, आणि फायली कोण बघतंय हे लोकांना माहीत नाही. काम करण्याची हिंमत आणि पद धरून ठेवणं यात फरक करायला हवा. त्यांचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर गोव्यात आजही एकमत होणार नाही.

मुद्दा तो नाही. माझे वडील दुकानदार. यकृताचा कॅन्सर, हातात थोडेच महिने. ते रोज दुकानात जायचे. गल्लीत कौतुक, "अण्णा म्हणजे वाघ". संध्याकाळी घरी यायचे ते निव्वळ पडायला. त्यांच्यात जी काही चार तासांची ताकद असायची ती गिऱ्हाइकाला मिळायची आणि उरलेलं खरकटं आम्हाला. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्यांना विचारायच्या गोष्टी मी मनात लिहून ठेवल्या होत्या, एकही विचारली नाही. ते गेल्यावर लोक येऊन सांगायचे, शेवटच्या आठवड्यात अण्णांनी आम्हाला स्वतः कापड फाडून दिलं. मला त्या कापडाचा राग यायचा.

ताई, तुमची मुलगी सहल मागत नाहीये. एवढंच म्हणायचं होतं. कडू वाटलं तर दुर्लक्ष करा.

---

निमकी

उंबरठा, +१. कोणीतरी हे बोलायला हवं होतं.

---

कंपासपेटी

उंबरठा, कडू नाही वाटलं. दोनदा वाचलं.

खडीसाखर, तुमचा हेतू चांगला आहे, पण लढाई-बिढाई नको. लढाई म्हटलं की हरणाऱ्याने जोर कमी लावला असा अर्थ निघतो. रेषा लांबवायची आहे, तेवढी लांबवू.

शिकवायचं का आहे, ते आता नीट सांगते. घरी माझ्याकडून कोणी काही मागत नाही. चहा हातात येतो, चादर कोणीतरी बदलून जातं, आमटीत मीठ जास्त पडलं तरी सगळे "मस्त झालीय" म्हणतात. सगळे प्रेमाने वागतात आणि दिवसभर मी नुसती घेत असते. वर्गात तसं नव्हतं. ऑगस्टमध्ये 'भौमितिक रचना' चालू होतं, बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढायची. पॅक्लिटॅक्सेलने बोटांची टोकं बधिर होतात. खडू धरला आहे की नाही हे बोटांना कळत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. फळ्यावरच्या लाकडी कंपासचं टोक केंद्रावर रोवलं आणि फिरवताना ते सरकलं. कंस मध्यबिंदूच्या खालून गेला. मला कळलंच नाही. मागच्या बाकावरून आवाज, "मॅडम, लंबदुभाजक चुकला." वर्गात शांतता, कारण सगळ्यांना माझं माहीत आहे. मी म्हटलं, "मग ये आणि दुरुस्त कर." आला, त्याने कंस पुसला, पुन्हा काढला, स्पर्शिका बरोबर आली. मी त्याला विचारलं, हा कोन नव्वदचाच का? तो अडकला. अर्धवर्तुळातला कोन आठवेना त्याला. मग मी शिकवलं.

त्या तासाला मी मास्तरीण होते, माझी चूक काढली गेली आणि माझ्याकडून उत्तर मागितलं गेलं. घरी आता माझी चूकही कोणी काढत नाही. हे मिस्टरांना समजावता येत नाही, त्यांना वाटतं मी त्यांच्या सेवेला नावं ठेवते.

---

शून्याचापाढा

गणिताच्या धाग्यावर रामानुजन यायलाच हवा. मार्च १९१९ मध्ये इंग्लंडहून परत आला तो आजारीच. १२ जानेवारी १९२० ला केंब्रिजच्या गणितज्ञ हार्डीला शेवटचं पत्र लिहिलं, त्यात मॉक थीटा फलनं, एकदम नवी कल्पना. २६ एप्रिलला गेला, वय ३२. त्या शेवटच्या वर्षातले कागद पुढे केंब्रिजमध्ये पडून होते, ते १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज यांच्या हाती लागले. मग गणितज्ञांची पुढची कित्येक वर्षं त्या सूत्रांच्या सिद्धता शोधण्यात गेली.

---

कंपासपेटी

शून्याचापाढा, रामानुजन वर्गात दरवर्षी सांगते, पण त्याला फळा लागत नव्हता हो. अंथरुणात पडून करता येणारं काम वेगळं. माझ्या कामाला उभं राहावं लागतं आणि समोर साठ मुलं खोकत असतात.

---

रात्रपाळी

मी पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातला त्रास हलका करणारी सेवा) विभागात नर्स आहे. ड्यूटी संपवून लिहितेय, सांभाळून घ्या.

खोकणाऱ्या साठ मुलांपासूनच सुरुवात करू. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. गंमत अशी की नेमकं तेव्हाच पेशंटला बरं वाटू लागलेलं असतं आणि तो बाहेर पडतो. तुमचं चक्र तीन आठवड्यांचं आहे. पहिला आठवडा थकव्यात जाणार, दुसरा गर्दी टाळण्यात. तिसरा आठवडा तुमचा. वेळापत्रक महिन्याचं बनवू नका, चक्राचं बनवा. तुमच्या डॉक्टरांना रक्ताचे आकडे विचारूनच दिवस ठरवा. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर वर्ग, परीक्षा, काहीही असो, त्याच तासाला हॉस्पिटल. क्रोसीन घेऊन बघू, सकाळी जाऊ, हे अजिबात नको.

बोटांचं डॉक्टरांना सांगितलंत का? बायका सांगत नाहीत, "एवढं काय त्यात" म्हणून. औषधाचा डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. उशीर केला तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. तुम्हाला कंपास धरायची आहे हे त्यांना कळलंच नाही तर ते त्या हिशेबाने ठरवणार कसे? आमच्याकडे पहिला प्रश्न हाच असतो, तुम्हाला काय करता यायला हवंय. एका आजोबांना नातीच्या लग्नात दोन तास बसायचं होतं. एक रिक्षावाले होते, त्यांना रिक्षा चालवायची नव्हती, फक्त रोज स्टँडवर जाऊन बसायचं होतं. औषधांच्या वेळा त्याप्रमाणे लावल्या.

पॅलिएटिव्हचं नाव काढलं की घरचे घाबरतात, म्हणजे आता शेवट आला. तसं नाही. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर एक अभ्यास झाला होता, २०१० मध्ये छापून आला. ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांबरोबर ही सेवा मिळाली त्यांचं मन जास्त थाऱ्यावर राहिलं, शेवटी शेवटी आक्रमक उपचार कमी लागले, आणि तरीही मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो आकडा) ११.६ महिने भरलं. दुसऱ्या गटाचं ८.९. तुमचा आजार वेगळा, त्यामुळे आकडे तुम्हाला लावू नका, पण लवकर जाण्यात तोटा नाही एवढं घ्या. तुम्हाला जवळ म्हणजे पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, १९९७ पासून, पैसे घेत नाहीत. कुटुंबालाही सोबत ठेवून घेतात. मुंबईकडच्यांसाठी टाटामध्ये विभाग आहे, वांद्र्याला शांती अवेदना आहे.

आणि थकवा. तो झोपून जात नाही, हे घरच्यांना सांगा. दिवसाला जेवढी शक्ती आहे तेवढीच आहे. आंघोळ, जिना, वर्ग, पाहुणे, सगळं त्यातूनच जाणार. मी पेशंटना सांगते, पाहुणे आधी कापा.

---

निमकी

"पाहुणे आधी कापा" 😄 रात्रपाळी, हे फ्रेम करून घराघरात लावायला हवं.

---

सॅराटोगा_मराठी

अमेरिकेतून लिहितोय. इथे न्यूयॉर्क राज्यात, आमच्या घरापासून जवळ, माउंट मॅकग्रेगर नावाच्या डोंगरावर एक लाकडी बंगली आहे. माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट तिथे २३ जुलै १८८५ ला वारले, घशाच्या कॅन्सरने. आदल्या वर्षी भागीदाराच्या फसवणुकीत त्यांचं दिवाळं निघालं होतं. बायकोसाठी काही मागे ठेवायचं म्हणून त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं. गिळता येईना, मग बोलता येईना, तेव्हा चिठ्ठ्यांवर लिहून संवाद. मरणाच्या काही दिवस आधी पुस्तक पुरं केलं. मार्क ट्वेनच्या प्रकाशन संस्थेने ते छापलं आणि ग्रँटबाईंना साडेचार लाख डॉलर्सच्या आसपास मिळाले.

हे सांगायचं कारण, या धाग्यावर सगळे समाधानाबद्दल बोलताहेत. बहुतेक आजारी माणसं पगारासाठी कामावर जातात. इथे तर नोकरी गेली की अनेकांचा विमाही जातो. माझ्या ऑफिसातला एक सहकारी किमोचा पंप कमरेला लावून मीटिंगला बसायचा. त्याला कोणी प्रेरणादायी म्हटलं की तो म्हणायचा, घराचे हप्ते जास्त प्रेरणादायी आहेत.

---

हिशेबनीस

सॅराटोगांनी योग्य दोरी ओढली. मी शिक्षण खात्याच्या कार्यालयात बरीच वर्षं काढली आहेत, तेव्हा मॅडम, कान देऊन ऐका.

भावनेच्या भरात राजीनामा देऊ नका. घरचे म्हणतील, मुख्याध्यापक गोड बोलून सुचवतील, तरी नाही. राजीनामा दिला की मागची सेवा निवृत्तिवेतनाला धरली जात नाही. सोडायचीच वेळ आली तर वीस वर्षं सेवा भरली असेल तर स्वेच्छानिवृत्ती, किंवा वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावर रुग्णता निवृत्तिवेतन. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या आधी पूर्ण अनुदानित पदावर लागला असाल तर जुनी पेन्शन आणि कुटुंब निवृत्तिवेतन लागू. त्याआधी शिल्लक रजांचा हिशेब लेखी मागा. अर्धपगारी रजा वैद्यकीय दाखल्यावर पूर्णपगारीत परिवर्तित होते, हे अनेक शाळांत सांगितलंच जात नाही.

खाजगी नोकरीवाल्यांसाठी: ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापली जात असेल तर ठरावीक ३४ आजारांत, ज्यात कॅन्सर आहे, अटी पुऱ्या होत असल्यास वाढीव आजारपण लाभ दोन वर्षांपर्यंत मिळतो, वेतनाच्या ८० टक्के. ग्रॅच्युइटीची पाच वर्षांची अट मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास लागत नाही.

ग्रंथालयाबद्दल: तोंडी आदेश असेल तर लेखी मागा. भांडू नका, फक्त लेखी मागा. बऱ्याच वेळा तेवढ्यानेच आदेश विरघळतो.

---

उंबरठा

हिशेबनीस, दंडवत. असे प्रतिसाद वाचनखुणेत ठेवावेत.

---

पानगळ

मी पुण्याची. आमच्या घरातला माणूस मुक्तांगणमधून बरा होऊन आला म्हणून लिहितेय. डॉ. अनिता अवचट, सगळ्यांच्या मोठ्या मॅडम. व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं, येरवड्याला. मॅडम मानसोपचारतज्ज्ञ. कॅन्सर अंगावर घेऊन त्यांनी ते चालवलं आणि १९९७ मध्ये गेल्या. त्या गेल्या तरी केंद्र थांबलं नाही, आजही चालू आहे. मला त्यातली ही गोष्ट जास्त मोठी वाटते. हाताखालची माणसं तयार होत होती. बरे झालेले पेशंटच पुढे तिथले कार्यकर्ते झाले.

कंपासपेटी, तुमच्या शाळेत गणिताचा कोणी तरुण शिक्षक आहे का?

---

कंपासपेटी

पानगळ, आहे. तासिका तत्त्वावर एक मुलगा आहे, त्यालाच माझा वर्ग दिला आहे. बीजगणित उत्तम, भूमितीत मात्र प्रमेय पाठ करून घेतो. मी त्याच्यावर रागावून होते, खरं तर त्याचा काय दोष.

उशिरा लिहितेय, मधे किमोची एक सायकल झाली.

रात्रपाळीताई, बोटांचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आधी का नाही बोललात. डोस कमी केला आहे. वारज्याला जाऊन आलो. मिस्टर जिना चढेपर्यंत गप्प होते, उतरताना तिथल्या काउन्सेलरशी अर्धा तास बोलत उभे राहिले. ते इतकं माझ्याशी जूनपासून बोललेले नाहीत.

हिशेबनीस, आदेश लेखी मागितला. दोन दिवसांनी मुख्याध्यापकांनी बोलावून चहा पाजला! आता असं ठरलंय: बीजगणित पूर्ण त्या मुलाकडे. भूमिती आम्ही दोघे मिळून. तिसऱ्या आठवड्यात मी वर्गावर, खुर्चीत बसून, फळ्यावर तो. बाकीचे दिवस तो संध्याकाळी घरी येतो, मी पुढच्या तासाचं सांगते. काल समरूपतेवर आमचा चांगला वाद झाला. तो म्हणे, मुलांना मार्क मिळाले की झालं, चाळीसचा तर पेपर. मी म्हटलं, कारण न सांगता मार्क मिळवणारं पोर अकरावीत आपटतं. तो मानला नाही. उद्या परत येणार आहे भांडायला.

अजून पूर्ण समाधान नाही, खोटं कशाला बोलू. खुर्चीत बसून फळा बघणं मला जड जातं. आणि मार्चपर्यंत तिसरे आठवडे किती उरतात हे मोजता येतं, ते मी मोजलेलं आहे.

उंबरठा, मुलीला विचारलं. तिला कुठे जायचं नव्हतंच. तिला माझ्याकडून गोधडी शिकायची आहे. बोटं बधिर, सुई कुठली धरतेय मी? पण टाके कुठे घालायचे ते तोंडाने सांगता येतं. शनिवार-रविवार शाळेचा विषय बंद, तो मुलगाही येत नाही. तुमच्या मनात राहिलेले प्रश्न तिच्या मनात राहू नयेत म्हणून तिला म्हटलं, जे विचारायचं ते विचार. पहिला प्रश्न आला, "तू बाबांशी लग्न का केलंस?" मिस्टर शेजारीच बसले होते.

---

उंबरठा

🙂 उत्तर काय दिलंत ते विचारत नाही. लिहिल्याबद्दल आभार.

---

मांडवीकर

पर्रीकरांवर माझं मत बदललेलं नाही. पण तिसऱ्या आठवड्याची आयडिया झकास.

---

हिशेबनीस

मॅडम, एक राहिलंच. सेवापुस्तकातली सगळी नामनिर्देशनं तपासा. भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), गटविमा, तिन्ही वेगवेगळी असतात. लोक नोकरीला लागताना भरतात आणि पुन्हा उघडून बघत नाहीत. मग मागे राहिलेल्यांना वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

---

कंपासपेटी

आज कार्यालयात बसून पाहिली. दोन ठीक आहेत. भविष्य निर्वाह निधीवर अजून आमच्या अण्णांचं नाव आहे, लग्नाआधी भरलेलं. त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. लिपिक म्हणाले, नवा अर्ज दोन प्रतींत द्या आणि साक्षीदार दोन आणा. एक साक्षीदार तो भांडकुदळ मुलगा. दुसरा मुख्याध्यापकांनाच करते.